चार इंची रिंग आणि जुने नमुने : लहान भरतकामाचा धागा

वटपत्र (बडोदा)

या धाग्यावर लहान भरतकामाबद्दल बोलूया. चार इंची रिंगेत मावणारं, घर-नोकरी सांभाळून पूर्ण होणारं आणि मुख्य म्हणजे ज्याचा नमुना आपण स्वतः कुठून तरी पाहून उतरवून घेतला आहे, असं काम.

शेवटची अट मुद्दाम घातली आहे. मोबाइलवर तयार नमुने हवे तितके मिळतात, त्यामुळे बडोद्यात, नाशकात आणि नागपुरात एकच वेल भरली जाते. आपल्या गावात एवढं पाहण्यासारखं असताना असं का करावं? तांबेकर वाड्याच्या भिंतींवरची चित्रं आहेत. चांपानेरच्या जामी मशिदीतल्या दगडी जाळ्या आहेत. कमाटीबागेत वडाची पानं आहेत. नवरात्रात रस्त्यावर निघालं तरी चणियाचोळ्यांवर काठियावाडी आणि कच्छी भरताचे कितीतरी प्रकार दिसतात. आणि आपल्या मराठी घरांतल्या ट्रंका उघडल्या तर कुंच्या, दुपटी, इरकलीवरचा कशिदा, रुखवतातले रुमाल निघतात.

माझा आग्रह एकच आहे : जुनं वस्त्र कापून त्याच्या फ्रेमा करू नका. त्याचा टाका समजून घ्या आणि नव्या कापडावर उतरवा. कापलेला तुकडा भिंतीवर छान दिसतो, पण तो टाका घालता येणारं माणूस मात्र घरात उरत नाही. उतरवून घेतलं की वस्त्रही राहतं आणि हातही तयार होतो.

यासाठी मी कापडाची नमुना-वही करते आहे. केसमेंटच्या कापडाचे सहा इंची चौकोन, मधल्या चार इंचांत काम, भोवती इंचभर समास. प्रत्येक चौकोनाच्या मागे सुती पट्टी टाचून त्यावर लिहिते : नमुना कुठला, मूळ वस्त्र कुणाकडे आहे, टाका कोणता, दोऱ्याचा रंग-क्रमांक काय. चौकोन पुरेसे झाले की धावदोऱ्याने एकत्र शिवायचे. आत्तापर्यंत वडाचं पान, चांपानेरच्या एका जाळीचा तुकडा, आईच्या इरकलीवरचं तुळशीवृंदावन आणि एका काठियावाडी तोरणातला पोपट एवढं झालं आहे.

सामानाबद्दल थोडक्यात. भरतकामाच्या दोऱ्याची लडी सहा पदरी असते, त्यातले दोन पदर लहान कामाला पुरतात. पदर एकेक करून ओढून काढायचे आणि मग जोडायचे. दोन्ही एकदम ओढले तर गुंता होतो आणि पीळही तसाच राहतो. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला की कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन त्याला लव सुटते आणि चमक जाते. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दोन पदरांना आठ किंवा नऊ नंबरची चालते. रिंगेच्या आतल्या चक्राला सुती पट्टी गुंडाळली तर कापड ढिलं पडत नाही. काम थांबवताना रिंग काढून ठेवायची, नाहीतर गोल वळ पडतो आणि मग इस्त्रीनेही नीट जात नाही.

तुमची कामं, शंका, नमुने इथे टाका.

मोगरी (बडोदा)

वटपत्रताई, केसमेंटच का? माझ्याकडे मांजरपाट आणि मलमल दोन्ही पडून आहे. आणि नमुना कापडावर कसा घेता? मी निळ्या पाण्याने जाणाऱ्या पेनाने काढते, ते बरं की छपाई करून घ्यावी?

वटपत्र (बडोदा)

मोगरी, केसमेंटची वीण जाडसर आणि एकसारखी असते, टाका बसतो. मांजरपाटही चालेल, पण त्यात खळ असते आणि ते आटतं. आधी रात्रभर भिजवून, धुऊन, इस्त्री करून घ्यायचं. मलमल एकेरी वापरू नका, मागचे दोरे पुढे दिसतात. दुहेरी करून कडेने टाचून घेतली तर कांथासारख्या धावदोऱ्याच्या कामाला मलमल फार छान लागते.

निळं पेन बरं आहे. मात्र रेघ थंड पाण्याने पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री लावायची नाही, उष्णतेने ती पक्की होते. इस्त्रीने पुसणारी पेनं मिळतात, ती मी वापरत नाही. त्यांची शाई उष्णतेने रंगहीन होते एवढंच, कडाक्याच्या थंडीत रेघ परत उमटू शकते.

पण नमुना पुन्हा पुन्हा लागणार असेल तर टोच्यांची छपाई उत्तम. ट्रेसिंग पेपरवर चित्र काढायचं, रेघेवरून बारीक सुईने सारख्या अंतरावर टोचे मारायचे. कागदाची खरबरीत झालेली बाजू वर ठेवायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ (गडद कापड असेल तर पांढरी झिंक पावडर) कापडाच्या बोळ्याने हलकेच फिरवायची. बोळा जवळजवळ कोरडाच हवा. ओला झाला तर ठिपक्यांचे डाग होतात. तोच कागद जपून ठेवला तर वर्षानुवर्षं चालतो.

सूरसागर (बडोदा)

वाचून आनंद झाला. मी स्वतः सुई धरत नाही, पण आमच्या घरात हे सगळं पाहिलं आहे. बडोद्यात महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय १९१४ साली सुरू झालं, तेव्हापासून शिवण-भरतकाम हे इथल्या मराठी बायकांसाठी नुसता वेळ घालवण्याचा उद्योग राहिला नाही. त्याला शिक्षण आणि मिळकत या दोन्हींची जोड मिळाली.

आणि बडोद्याच्या भरतकामाबद्दल बोलताना मोत्यांच्या गालिच्याचा उल्लेख हवाच. बडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांनी १८६५च्या सुमारास तो करवून घेतला. मदिनेला प्रेषितांच्या समाधीवर अर्पण करण्याची त्यांची इच्छा होती. १८७० साली महाराज वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर बसऱ्याच्या बारीक मोत्यांचं काम आहे. मोत्यांचा अंदाज पंधरा ते वीस लाखांचा सांगतात. मध्ये हिऱ्यांची तीन मोठी चक्रं आहेत, शिवाय रंगीत काचमणी आणि माणिक-पाचू. १९०२-०३च्या दिल्लीच्या प्रदर्शनात तो मांडला होता. पुढे देशाबाहेर गेला आणि मार्च २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. आता तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्या शहरातली ही वस्तू पाहायला आपल्याला दोह्याला जावं लागतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

वटपत्र (बडोदा)

सूरसागरकाका, वाईट मलाही वाटतं. म्हणूनच तो गालिचा माझ्या वहीत यायला हवा. पूर्ण गालिचा करण्याचा प्रश्नच नाही. त्याच्या छायाचित्रातून किनारीच्या वेलीचं एकच वळण मी कागदावर घेतलं आहे. पांढरे बारीक काचमणी वापरणार. मणी एकेक शिवायचे नाहीत. दोऱ्यात ओवून ती लड रेघेवर अंथरायची आणि दुसऱ्या सुईने दर दोन-तीन मण्यांनंतर आडवा टाका घालून बांधत जायची. वळणावर मात्र दर मण्याला बांधायला लागतं, नाहीतर वेलीला कोपरे येतात. मण्याची सुई वेगळी घ्या, साधी सुई भोकात अडकते.

शिप्राकाठ (इंदूर)

इंदूरहून नमस्कार. माझी आवड महेश्वरीच्या किनारींची. महेश्वरच्या किल्ल्यातल्या आणि घाटावरच्या दगडी कोरीवकामावरून आलेल्या किनारींना तिथे चटाई, ईंट, हीरा, चमेलीचं फूल अशी नावं आहेत. मी यातली चटाई किनार मॅटीवर (धागे मोजता येतील अशा जाळीदार विणीच्या कापडावर) मोजून भरते आहे. दोन इंच रुंद, पुस्तकात घालायच्या खुणेएवढी पट्टी. साडी माझ्या आत्याची आहे, तिला हात लावायची हिंमत नाही. भिंगातून धागे मोजते आणि चौकटीच्या कागदावर उतरवते.

अडचण अशी आहे की साडीत ती किनार विणलेली आहे, भरलेली नाही. सुईने केली की ती फुगते, साडीसारखी सपाट बसत नाही. काय करावं?

वटपत्र (बडोदा)

एक पदर वापरून बघा आणि भरीव टाक्याऐवजी रफू केल्यासारखा टाका घाला : कापडाचे धागे मोजत सुई खाली-वर न्यायची. कर्नाटकातल्या कसुती भरतात याला नेगी म्हणतात आणि तो विणकामासारखाच दिसतो. कसुतीचे चार टाके आहेत : गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी. गवंती म्हणजे धावदोरा घालत पुढे जायचं आणि त्याच वाटेने परत येत रिकाम्या जागा भरायच्या. दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मुर्गी जिन्याच्या पायऱ्यांसारखी जाते. मेंथी म्हणजे फुली. यात गाठ मारायची नसते, दोऱ्याची शेपटी टाक्याखाली दाबून घ्यायची. आपल्या आज्यांच्या इरकलींवर गोपुर, पालखी, हत्ती, तुळस दिसतात ना, ते सगळं यातूनच आलेलं आहे. तुमची किनार नेगीत नक्की सपाट बसेल.

किल्लेदारीण (ग्वाल्हेर)

मलाही यायचंय. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिर राजवाड्याच्या भिंतीवर निळ्या फरशांमध्ये पिवळ्या बदकांची रांग आहे. राजा मानसिंह तोमरांच्या काळातलं, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचं काम. लहानपणी आम्ही भावंडं ती बदकं मोजायचो. मला ती रांग भरायची आहे. निळा रंग पूर्ण भरायचा तर महिने जातील.

मोगरी (बडोदा)

निळा भरूच नका. निळं कापडच घ्या. जुन्या कॉटनच्या सलवारीचं चांगलं घट्ट कापड मिळालं तर त्यावर बदकं पिवळ्यात भरीव टाक्याने आणि फरशांचे सांधे फिक्या निळ्यात उलट्या टिपेने दाखवा.

वटपत्र (बडोदा)

मोगरीने फार नेमकं सांगितलं. फक्त बदकाच्या पोटावर भरीव टाका लांब होईल आणि लोंबेल. आधी पोटाच्या कडेने उलटी टीप घाला, आत विरळ धावदोरे भरा आणि मग त्यावर आडवा भरीव टाका. पोटाला उठावही येतो. बदक इंचभराचं असेल तर पोटाचे दोन भाग करून पंखाच्या रेघेवर टाका तोडा. आणि एकच बदक करू नका, किमान तीन घ्या. रांग दिसली तरच ते मानमंदिराचं वाटेल.

टीपटाका (पुणे)

आभले (भरतकामातले छोटे आरसे) लावायला कुणी शिकवेल का? मी व्हिडिओ पाहून लावते, दोन धुण्यांत निसटतात.

वटपत्र (बडोदा)

टीपटाका, आभला निसटतो तो बहुतेक वेळा पहिल्या चौकटीमुळे. आभल्याला भोक नसतं, त्यामुळे दोऱ्याची चौकटच त्याला धरून ठेवते. आधी दोन उभे दोरे, मग दोन आडवे. आडवा दोरा नेताना प्रत्येक उभ्या दोऱ्याला एक वेढा द्यायचा. ही चौकट आभल्याच्या मध्याकडे हवी. कडेजवळ घेतली की पुढच्या टाक्यांनी ती बाहेर ओढली जाते आणि आभला मोकळा होतो. चौकट इतकी ताठ हवी की नखाने उचलली तर टणक लागली पाहिजे. मग भोवतीने : एक टाका चौकटीखालून, एक कापडातून, पुन्हा चौकटीखालून. सगळी फेरी एकाच दोऱ्यात संपवायची, त्यामुळे दोरा मात्र इथे थोडा लांब घ्यावा लागतो.

आभले काचेचेच घ्या. प्लॅस्टिकचे इस्त्रीने वाकतात. काचेच्या आभल्याची कड धारदार असते, आधी बारीक पॉलिशपेपरवर ओल्यानेच घासून घ्या, नाहीतर तीच दोरा कापते. आमच्या मंगळबाजाराच्या गल्ल्यांत वजनावर मिळतात. खेडा जिल्ह्यातल्या कपडवंजला हे आभले करण्याची जुनी परंपरा आहे. फुंकून काचेचा मोठा फुगा करतात, त्याला आतून चकाकी देतात आणि मग फोडून तुकडे कापतात. म्हणून त्या आभल्यांना हलकासा बाक असतो. कारखान्यातला सपाट आभला एकाच दिशेने चमकतो. बाक असलेला फिरत्या घेराबरोबर अनेक दिशांनी चमकतो. गरब्यात हा फरक लांबूनही ओळखू येतो.

टीपटाका (पुणे)

चौकट मध्याकडे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

एक विचारू का? कच्छमधल्या रबारी, आहीर, मुतवा समाजांच्या बायकांचे नमुने आपण शहरातल्यांनी छंद म्हणून करणं योग्य आहे का? मला नेहमी अवघडल्यासारखं होतं.

वटपत्र (बडोदा)

विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. मला वाटतं, शिकण्यासाठी हरकत नाही, मात्र तीन गोष्टी पाळाव्यात. नमुन्यामागे त्या समाजाचं नाव लिहावं. आपलं काम ‘कच्छी भरत’ म्हणून विकू नये. आणि त्यातलं काही विकत घ्यावंसं वाटलं तर ते करणाऱ्या बायकांकडूनच घ्यावं. चंदाबेन श्रॉफ यांनी १९६९ साली सुरू केलेल्या श्रुजनसारख्या संस्था हेच काम करत आल्या आहेत. भुजजवळ अजरखपूरला त्यांचं संग्रहालयही आहे. तिथे एकेका समाजाचं भरत शेजारी शेजारी पाहता येतं. कुणी कच्छला जाणार असेल तर रणाच्या आधी तिथे जा.

एवढं आग्रहाने सांगते कारण त्या टाक्यांमागे त्या बायकांचं फार मोठं जगणं आहे. ढेबरिया रबारींच्या पंचांनी १९९५ साली आपल्या बायकांना स्वतःसाठी भरतकाम करायला बंदी घातली. मुलीच्या हुंड्यासाठी इतकं भरत लागायचं की ते पूर्ण होईपर्यंत तिची सासरी पाठवणी वर्षानुवर्षं लांबायची. ज्या कामाकडे आपण विरंगुळा म्हणून पाहतो, ते तिथे हिशेबाचं आणि सक्तीचंही होतं. आणि तरी त्यांनी त्यात इतकी कल्पकता ओतली. सूफ हे कच्छमधलंच आणखी एक भरत पाहिलं आहे का? कापडावर रेघ न काढता, उलट्या बाजूने धागे मोजत, नुसत्या त्रिकोणांतून मोर आणि झाडं उभी करतात. सूफ करणारा समाज सिंधमधल्या थरपारकरकडून, बराचसा १९७१च्या युद्धानंतर, कच्छमध्ये आला. सूफचा तळहाताएवढा चौकोन करून बघा. त्या बायकांबद्दल मनात जो आदर आहे त्याला खरा अर्थ येतो.

रुखवत (बडोदा)

मी बरेच दिवस नुसती वाचते आहे. आज विचारते. सासूबाईंचं एक काठियावाडी तोरण आहे, त्यांना शेजारच्या गुजराती कुटुंबाने लग्नात दिलेलं. हिरीचं (रेशमी दोऱ्याचं) काम, पोपट आणि फुलं, खाली पाच-सहा पानं लोंबतात. सासूबाई गेल्या. आम्ही तिघी जावा, तिघींनाही ते हवं आहे. मधल्या जाऊबाई म्हणतात, तीन भाग करून तिघींनी फ्रेम करून लावूया. मला कापवत नाही, पण भांडणही नको आहे. वटपत्रताईंचं मत धाग्याच्या सुरुवातीलाच वाचलं, बाकीच्यांना काय वाटतं?

टीपटाका (पुणे)

मी वेगळं मत मांडते. ट्रंकेत पडून कसर लागण्यापेक्षा तीन घरांत रोज दिसलेलं काय वाईट? आणि काठियावाडात, कच्छमध्ये बायका स्वतःच जुन्या भरताचे तुकडे जोडून चाकळे (भिंतीवर लावायचे चौकोन), गोधड्या करत आल्या आहेत. त्यांनी जे केलं ते आपण केलं तर पाप कसं?

सूरसागर (बडोदा)

मी कापण्याच्या विरोधात. पण टीपटाका यांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही.

शिप्राकाठ (इंदूर)

आमच्याकडे पैठणीचं असंच झालं, पदर एकीकडे आणि काठ दुसरीकडे. आता दोन्ही घरांत फ्रेम आहे आणि पूर्ण साडी कशी होती ते पुढच्या मुलींना सांगावं लागतं.

वटपत्र (बडोदा)

टीपटाका, तुमचं म्हणणं खरं आहे, पण एक फरक आहे. ज्या बायका जुने तुकडे जोडत होत्या त्यांना तोच टाका येत होता. फाटलेला भाग काढून उरलेला त्या नव्या कामात बसवत आणि भोवतीने पुन्हा भरत. त्यांच्या हातात परंपरा पुढे चालू होती. आपण कात्री लावतो, फ्रेम करतो आणि तिथे ती थांबते.

दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. हीर म्हणजे पीळ नसलेलं रेशीम. ते कापडाच्या वर मोकळं पडलेलं असतं, टाक्याच्या दोन टोकांनाच काय ते धरलेलं. कापलं की कडेचे टाके सुटायला लागतात आणि मग ते थोपवायला गोंद लावावा लागतो. पांढरा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि कापड कडक करतो. फ्रेमवाले कापड ताणून मागे चिकटवतात, तिथेच जुना धागा तुटतो. त्यातून भिंतीवर ऊन येत असेल तर रंग गेलाच.

रुखवत, तुमच्या तोरणात काळा किंवा गडद तपकिरी दोरा आहे का? असेल तर तो आधीच झडलेला असेल, नुसती सुईची भोकं दिसत असतील. जुना काळा रंग लोखंडाच्या क्षारातून करत आणि ते लोखंड काळानुरूप धागा खातं. अशा तोरणाला कात्री सोसणार नाही.

माझं सुचवणं असं : तोरण अखंड ठेवा. तिघींनी त्यातला एकेक नमुना निवडावा आणि चार इंची रिंगेत उतरवून घ्यावा. तो प्रत्येकीच्या घरात राहील. मूळ तोरण दर दिवाळीला एका घरी, पाडवा झाला की पुन्हा आत. आत ठेवताना घडी घालू नका. धुतलेल्या मऊ मलमलीत, मध्ये कापडाची गुंडाळी घेऊन, भरताची बाजू बाहेर येईल असं सैल गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको, दमट हवा कोंडते. पावसाळ्यानंतर सावलीत पसरून हवा द्या.

रुखवत (बडोदा)

काळा होता! पोपटाच्या चोचीभोवती भोकंच उरली आहेत. आम्हाला वाटायचं उंदराने कुरतडलं.

जावांशी बोलते. पण हिरीचा टाका मला येत नाही आणि तसं रेशीम कुठून आणायचं?

वटपत्र (बडोदा)

हिरीसारखं बिनपिळाचं रेशीम मिळालं तर उत्तम, नाहीतर साध्या सुती लडीचा एकच पदर घ्या. चमक कमी येईल, टाका मात्र कळेल. त्या भरतात दोरा बराचसा वरच राहतो, मागे अगदी बारीक टाका जातो. रेशीम वाचवण्याची ती पद्धत. आणि शेजारच्या पाकळ्या वेगवेगळ्या दिशांनी भरलेल्या असतात, एक उभी, एक आडवी. त्यामुळे रंग एकच असूनही उजेड पडला की दोन छटा दिसतात. तुमच्या पोपटाच्या पंखात हेच असणार, बघा.

तोरणाला मागून अस्तर असेल. एका कडेची टीप वितीएवढी उसवा आणि आत बघा. मागचा भाग उजेडात आलेला नसतो, मूळ रंग तिथे दिसतील. दोऱ्याचे क्रमांक मागच्या रंगाशी जुळवा, पुढच्या उडालेल्या रंगाशी नको.

मोगरी (बडोदा)

हे चालू असताना मी एक सुरुवात केली ती सांगते. चैत्रांगण. चैत्रगौर बसते तेव्हा आई दारात काढायची ते : सूर्य, चंद्र, शंख, कमळ, कासव, नाग, गौरीची पावलं, गोपद्मं, तुळस. आता फ्लॅटच्या दारात जागा नाही, स्टिकर लावतात. मी गेरूच्या रंगाच्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने एकेक चिन्ह साखळी टाक्यात करते आहे, प्रत्येक दोन इंचांचं. पुढच्या चैत्रात सगळी एका कापडावर जोडून गौरीखाली घालायची आहेत. कासव झालं, नाग झाला. पांढरा दोरा हाताने मळतो, त्याचं काय करू?

वटपत्र (बडोदा)

मोगरी, किती सुंदर! साखळी टाका अगदी योग्य आहे, रांगोळीच्या चिमटीची रेघ तशीच भरीव दिसते. बोटाला घाम येत असेल तर काम सुरू करताना हात धुऊन पुसा, क्रीम लावू नका. रिंगेत कापड बसवताना वरून पातळ मलमल टाका आणि मधोमध कामापुरती कापून खिडकी करा, म्हणजे बाकीचं कापड झाकलेलं राहील. गेरूच्या रंगाचं कापड आधी पुन्हा पुन्हा धुऊन, पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून बघा. फडक्याला रंग लागत असेल तर त्यावर पांढरा दोरा वापरू नका. मिठाच्या पाण्यात ठेवलं की रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात, बाजारातल्या कापडाच्या बाबतीत त्यावर विसंबू नका.

टीपटाका (पुणे)

वटपत्रताई, तुम्ही हे विकता का? माझ्या बहिणीला वडाच्या पानाची रिंग हवी आहे.

वटपत्र (बडोदा)

विकत नाही, टीपटाका. पण टोच्यांचा कागद पोस्टाने पाठवते, बहिणीला तुम्हीच शिकवा. पानाच्या कडेला देठ टाका, शिरा एका पदराच्या उलट्या टिपेने, आणि आतला भाग भरायचा नाही. वडाच्या पानात शिरा महत्त्वाच्या.

किल्लेदारीण (ग्वाल्हेर)

तीन बदकं झाली. निळं कापड, आत धावदोरे, वरून भरीव टाका. पोटाला खरंच उठाव आला. चौथं करते आहे.

रुखवत (बडोदा)

जावांना धागा वाचायला दिला. मधल्या जाऊबाई दोन दिवस गप्प होत्या, मग स्वतःच म्हणाल्या, पोपट मी करणार. धाकटीने फूल घेतलं, मी खालचं पान.

अस्तर उसवलं. आतले रंग पाहून तिघी थक्क झालो. पुढून जो फिका गुलाबी दिसतो तो आत चक्क राणी रंग आहे. आणि अजून एक दिसलं. डावीकडून चौथ्या पानापर्यंत लाल एक आहे आणि त्याच पानाच्या मध्यापासून पुढे वेगळा, जरा विटकरीकडे जाणारा. करणाऱ्या बाईचा दोरा तिथे संपला असणार आणि दुसरा तसाच मिळाला नसणार. पुढून दोन्ही सारखेच उडाले आहेत, म्हणून इतक्या वर्षांत कुणाला कळलं नाही. मी नेमकं तेच पान घेतलं आहे. आता एकाच लालात करू की दोन?

वटपत्र (बडोदा)

दोन. जिथे तिने बदलला तिथेच तुम्हीही बदला, टाका मोजून. मागच्या पट्टीवर दोन्ही क्रमांक लिहा. आणि अस्तर परत शिवण्याआधी त्या पानाचा आतून फोटो काढून दोन्ही जावांना पाठवा. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता.